रुपेरी वारसा : किती उरला, कसा उरला

(शिक्षक, पंचायत सदस्य व शासकीय कर्मचारी यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



जत्रेच्या दिवसांत गावाबाहेरच्या मोकळ्या रानात उभारलेला कापडी तंबू, पुरुष आणि स्त्रिया वेगळे बसावेत म्हणून मधोमध ताणलेली कनात, मागे धडधडणारे इंजिन आणि अंधार पडताच पांढऱ्या पडद्यावर हलू लागणारी चित्रे, हे दृश्य महाराष्ट्राच्या ग्रामीण भागातील जुन्या पिढीच्या स्मरणात अद्याप ताजे आहे. ज्या गावात वीज पोहोचली नव्हती, त्या गावात फिरत्या चित्रपटगृहाने तुकाराम पोहोचविले, ज्ञानेश्वर पोहोचविले आणि शाहीर रामजोशीही पोहोचविले. विष्णुपंत पागनीस, शांता आपटे, हंसा वाडकर, भगवान ही नावे याच मार्गाने घराघरांत गेली. शतकाच्या मध्यावरील ही चित्रसृष्टी करमणुकीचे साधन होतीच. पण त्याचबरोबर तिने एका समाजाचा चेहरा, त्याची भाषा, त्याचे कपडे, त्याची घरे आणि त्याची दुःखे फितीवर टिपून ठेवली. तो चेहरा आज कितपत शिल्लक आहे, जे उरले ते कोणामुळे उरले आणि जे गेले ते का गेले, याचा विचार या व्याख्यानात करावयाचा आहे.

रंगभूमी आणि फीत

रंगभूमीवरील नटाची कला त्याच्याबरोबर जाते, हे दुःख मराठी माणसाला चांगले परिचित आहे. बालगंधर्वांच्या स्त्रीभूमिकांनी एका पिढीला वेड लावले. त्या भूमिकांचे वर्णन आपण वाचतो, त्यांची छायाचित्रे पाहतो, ध्वनिमुद्रिकांतून त्यांचे गाणे ऐकतो. परंतु रंगमंचावर ते पाऊल कसे टाकीत, पदर कसा सावरीत, हे सांगणारे प्रेक्षक आता उरलेले नाहीत. मात्र १९३५ साली प्रभातच्या ‘धर्मात्मा’ या चित्रपटात त्यांनी संत एकनाथांची भूमिका केली. स्त्रीवेषाबाहेरचे बालगंधर्व असे कॅमेऱ्यासमोर आले.

चित्रपटाने कलावंताला दिलेले आश्वासन ते हेच. नट थकेल, म्हातारा होईल, जगाचा निरोपही घेईल, पण फितीवर त्याचे तारुण्य, त्याचा आवाज आणि त्याची नजर टिकून राहील, असे त्या काळी सर्वांनाच वाटत होते. हे आश्वासन किती अंशी खरे ठरले, हे पाहू लागले म्हणजे मन खिन्न होते.

दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी मुंबईत गिरगावातील कॉरोनेशन चित्रपटगृहात लोकांपुढे आला. त्यात तारामतीची भूमिका अण्णा साळुंके या पुरुष कलावंताने केली होती. ते पूर्वी एका उपाहारगृहात स्वयंपाकी होते. १९१७ सालच्या ‘लंकादहन’मध्ये याच साळुंक्यांनी राम आणि सीता या दोन्ही भूमिका वठविल्या. भारतीय चित्रपटाचा हा आरंभीचा लोकप्रिय चेहरा होय. पण यांपैकी कोणताही चित्रपट आज संपूर्ण पाहावयास मिळत नाही. काही तुकडे तेवढे हाती आहेत. १९१९ सालच्या ‘कालिया मर्दन’चे भाग्य त्यामानाने चांगले. त्यात बाळकृष्णाची भूमिका करणारी दादासाहेबांची कन्या मंदाकिनी आजही पडद्यावर तशीच खट्याळ दिसते.

हजाराहून अधिक मूकपट आपल्या देशात तयार झाले. त्यांपैकी संपूर्ण वा तुटक स्वरूपात उरलेल्या चित्रपटांची संख्या काही डझनांच्या पुढे जात नाही. कोल्हापूरच्या बाबूराव पेंटर यांचा ‘सावकारी पाश’ हा १९२५ सालचा मूकपट या हानीचे ठळक उदाहरण आहे. नारायण हरी आपटे यांच्या कथेवरील या चित्रपटात सावकाराच्या विळख्यात सापडलेला, जमीन गमावून शहरात मजुरीसाठी जाणारा शेतकरी दाखविला होता. तरुण शेतकऱ्याची भूमिका व्ही. शांताराम यांनी केली होती. ग्रामीण कर्जबाजारीपणाविषयी अहवाल पुष्कळ उपलब्ध आहेत; पण त्या काळातच, त्या मातीत घेतलेले ते चित्रण मात्र नाहीसे झाले. पेंटरांनी १९३६ साली याच विषयावर बोलपट काढला, तरी मूळ मूकपटाची उणीव त्याने भरून निघत नाही.

बोलपटाच्या आरंभाची कथाही निराळी नाही. अर्देशीर इराणी यांचा ‘आलम आरा’ हा पहिला भारतीय बोलपट १४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिक चित्रपटगृहात झळकला. त्यात झुबेदासमवेत नायक होते मास्टर विठ्ठल, मूकपटांच्या जमान्यातील अत्यंत लोकप्रिय मराठी नट. या चित्रपटाची एकही प्रत आज उपलब्ध असल्याचे ज्ञात नाही. ज्या चित्रपटाने भारतीय पडदा बोलता झाला, तो चित्रपटच कायमचा मुका झाला.

जे उरले त्याचे मोल

सुदैवाने सारेच गेले नाही. व्ही. शांताराम, विष्णुपंत दामले, शेख फत्तेलाल, केशवराव धायबर आणि सीतारामबापू कुलकर्णी यांनी १९२९ साली कोल्हापुरात प्रभात फिल्म कंपनी स्थापन केली आणि १९३३ साली ती पुण्यास आणली. प्रभातचा ‘अयोध्येचा राजा’ हा १९३२ सालचा बोलपट आज पाहता येणाऱ्या अगदी आरंभीच्या भारतीय बोलपटांपैकी एक आहे. त्यात तारामतीच्या भूमिकेत दुर्गा खोटे आहेत. साळुंक्यांची तारामती आणि दुर्गाबाईंची तारामती यांच्यामध्ये अवघी १९ वर्षे गेली. पण तेवढ्या अवधीत सुशिक्षित, प्रतिष्ठित घराण्यातील स्त्री कॅमेऱ्यापुढे उभी राहू लागली होती. हा सामाजिक बदल शंभर पानांच्या प्रबंधापेक्षा त्या चित्रपटात अधिक स्पष्ट दिसतो.

दामले-फत्तेलाल यांनी दिग्दर्शित केलेला ‘संत तुकाराम’ १९३६ साली प्रदर्शित झाला आणि १९३७ साली व्हेनिसच्या आंतरराष्ट्रीय महोत्सवात गौरविला गेला. मुंबईत एकाच चित्रपटगृहात तो वर्षाहून अधिक काळ चालला. विष्णुपंत पागनीस हे पूर्वी रंगभूमीवर स्त्रीभूमिका करणारे नट. त्यांच्या तुकारामांत जी आर्जवी लीनता आहे, तिचे मूळ कदाचित त्या जुन्या तालमीत असेल. पण या चित्रपटाची खरी जमीन आहे ती गौरी यांनी साकारलेली आवली. म्हशीची धार काढणारी, मुलांच्या पोटाची चिंता करणारी, नवऱ्याच्या विठ्ठलावर संतापणारी आणि त्याच नवऱ्यावर जीव टाकणारी ही गृहिणी पाहताना खेड्यातील कोणत्याही स्त्रीला आपल्याच घरात पाहिल्यासारखे वाटते. पागनीस १९४३ साली निवर्तले. गौरीही आज नाहीत. तुकाराम आणि आवली मात्र आहेत, कारण ही फीत जपली गेली.

१९३७ सालचा ‘कुंकू’ घ्यावा. नारायण हरी आपटे यांच्याच ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवर तो आधारलेला आहे. मामाने पैशाच्या लोभाने वृद्ध विधुराच्या गळ्यात बांधलेली तरुण मुलगी हा विवाह मनाने मानण्यास नकार देते आणि अखेर त्या वृद्धालाच आपल्या अन्यायाची जाणीव होते, अशी ही कथा. नीरेच्या भूमिकेत शांता आपटे आणि काकासाहेबांच्या भूमिकेत केशवराव दाते यांनी जो सामना उभा केला आहे, तो आजही प्रेक्षकाला अस्वस्थ करतो. पार्श्वसंगीताचा आधार न घेता केवळ नैसर्गिक ध्वनींवर शांताराम यांनी हा चित्रपट तोलून धरला. काकासाहेबांच्या सुधारक कन्येची भूमिका करणाऱ्या शकुंतला परांजपे पुढे संततिनियमनाच्या प्रचारकार्यात अग्रभागी राहिल्या आणि राज्यसभेच्या नामनिर्देशित सदस्याही झाल्या. पडद्यावरील सुधारणा आणि प्रत्यक्ष समाजकार्य यांचे असे थेट नाते त्या काळात होते.

‘माणूस’ या १९३९ सालच्या चित्रपटात शाहू मोडक यांचा साधा पोलीस शिपाई आणि शांता हुबळीकर यांची मैना यांच्या कथेतून समाजाने बहिष्कृत केलेल्या स्त्रीच्या माणूसपणाचा प्रश्न विचारला गेला. १९४१ सालच्या ‘शेजारी’मध्ये केशवराव दाते आणि गजानन जागीरदार यांनी दोन धर्मांच्या दोन जिवलग मित्रांचे काम केले. गावाजवळ धरण होऊ घातले आहे. त्यातील हितसंबंधांपायी या दोघांत आणि पर्यायाने गावात फूट पाडली जाते. ज्यांना पंचायतीचे काम करताना गावातील तट आणि प्रकल्पांभोवतीचे वाद हाताळावे लागतात, त्यांना हा चित्रपट आठ दशकांनंतरही जुना वाटणार नाही.

फीत नष्ट का झाली?

एवढे मोल असलेली वस्तू नाहीशी कशी होऊ दिली गेली, असा प्रश्न स्वाभाविकपणे मनात येतो. त्याची कारणे काही अंशी रसायनशास्त्रात आणि काही अंशी अर्थकारणात आहेत.

पडद्यावर एक सेकंदात २४ चित्रे जातात आणि एका मिनिटाला ९० फूट फीत खर्ची पडते. म्हणजे अडीच तासांच्या चित्रपटाची एक प्रत साडेतेरा हजार फूट लांबीची होते. १९५०च्या सुमारापर्यंत व्यावसायिक चित्रपटांसाठी वापरली जाणारी फीत नायट्रेटच्या पायावर तयार केलेली असे. हा पदार्थ अतिशय ज्वालाग्राही आहे. जळण्यास लागणारा प्राणवायू त्याच्याच रचनेत असल्याने एकदा पेटलेली नायट्रेट फीत पाण्यातही विझत नाही. उष्ण व दमट हवेत ती हळूहळू कुजते, चिकट होते आणि अखेर तिची भुकटी होते. पुढे आलेली ॲसिटेटची ‘सुरक्षित’ फीत सहजासहजी पेटत नाही हे खरे. पण उष्मा आणि दमटपणा यांमुळे तिच्यातही आम्ल तयार होते, डब्यातून व्हिनेगरसारखा उग्र वास येऊ लागतो आणि फीत आकसून वेडीवाकडी होते. कोकण किनाऱ्यावरील पावसाळा आणि विदर्भातील उन्हाळा हे दोन्ही तिचे शत्रूच होत.

दुसरे कारण व्यवहाराचे. कृष्णधवल फितीवरील चित्र हे चांदीचे असते. चित्रपटाची कमाई संपली की डबे गोदामाचे भाडे खात पडून राहात आणि मग ते वजनावर विकून त्यांतील चांदी काढून घेतली जाई. राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाचे माजी संचालक पी. के. नायर यांनी नमूद केलेल्या हकिकतीनुसार ‘आलम आरा’ची रिळेही अशीच चांदीसाठी गेली. याशिवाय एकेक प्रत मुंबईपासून निघून तालुक्याच्या गावी आणि तेथून जत्रेच्या तंबूपर्यंत फिरत असे. प्रत्येक खेळाला ती थोडी झिजे, तुटे, कापून जोडली जाई. लोकांनी डोक्यावर घेतलेला चित्रपट त्या लोकप्रियतेनेच झिजून जाई, हा त्यातील दैवदुर्विलास होय.

पडद्यामागील माणसे

ज्यांच्या चेहऱ्यावर हा सारा व्यवसाय उभा होता, त्या नटनट्यांना तरी आपले काम जपता आले असते काय? याचे उत्तर नकारार्थी आहे. चित्रसंस्थांच्या काळात नट हा मासिक पगारावर, कराराने बांधलेला नोकर असे. शांता आपटे यांनी १९३९ साली कराराच्या अटींवरून मतभेद झाल्यावर प्रभातच्या दाराशी उपोषण केले, ही घटना त्या काळी फार गाजली. त्यानंतर १९४० साली ‘जाऊ मी सिनेमात?’ हे पुस्तक लिहून त्यांनी चित्रव्यवसायात येऊ इच्छिणाऱ्या मुलींना सावध केले. आपल्या श्रमाचे मोल मागणारी नटी म्हणून त्यांचे स्थान ‘कुंकू’तील नीरेइतकेच महत्त्वाचे आहे.

ललिता पवार मूकपटांच्या काळापासून नायिका म्हणून काम करीत होत्या. १९४२ साली चित्रीकरणाच्या वेळी बसलेल्या एका जोराच्या थपडेने त्यांच्या चेहऱ्यावर आणि डाव्या डोळ्यावर कायमचा परिणाम झाला. नायिकेचे दिवस संपले. पण त्यांनी हार मानली नाही. खाष्ट सासूपासून ‘अनाडी’ (१९५९) मधील वरून कठोर, आतून मायाळू घरमालकिणीपर्यंत चरित्रभूमिकांचे नवे दालन त्यांनी स्वतःसाठी उघडले.

गिरणी कामगाराचे पुत्र असलेल्या भगवान यांनी १९५१ साली ‘अलबेला’ काढला, तेव्हा त्यांच्या साध्या, लयदार नाचावर सारा देश डोलला. पुढचे चित्रपट अपयशी ठरले, बंगला व मोटारी गेल्या आणि अखेरची वर्षे त्यांनी दादरच्या चाळीत काढली. २००२ साली त्यांचे निधन झाले. ‘अलबेला’ आज कोणालाही पाहता येतो. त्यापूर्वी त्यांनी कामगारवस्तीतील प्रेक्षकांसाठी काढलेले अनेक मारधाडीचे चित्रपट मात्र पाहावयास मिळत नाहीत.

हंसा वाडकर यांनी ‘लोकशाहीर रामजोशी’ (१९४७) आणि अनंत माने यांच्या ‘सांगत्ये ऐका’ (१९५९) या चित्रपटांनी तमाशातील स्त्रीला पडद्यावर प्राण दिला. ‘सांगत्ये ऐका’ पुण्याच्या विजयानंद चित्रपटगृहात १३१ आठवडे चालला. पण १९७० साली याच नावाने प्रसिद्ध झालेल्या आत्मकथनात या यशस्वी नटीने आपल्या आयुष्याची जी कहाणी निर्भीडपणे सांगितली, ती वाचली म्हणजे टाळ्यांच्या मागचे एकाकीपण समजते. श्याम बेनेगल यांचा ‘भूमिका’ (१९७७) त्याच आत्मकथनावर आधारलेला आहे.

या कलावंतांपाशी आपल्या चित्रपटांची एक प्रतही नसे. १९५७ च्या कायद्यानुसार चित्रपटाचा मालक निर्माता. त्याच्या हक्काची मुदत आज प्रकाशनानंतर ६० वर्षांची आहे. १९५०च्या दशकातील सर्व चित्रपटांबाबत ती मुदत संपलेली आहे. कलावंताला हक्क नव्हता, निर्मात्याला आता लाभ नाही. मग या चित्रपटांची काळजी कोणी वाहावयाची? येथेच शासनाचे आणि समाजाचे कर्तव्य सुरू होते.

शासनाची पावले

स्वातंत्र्यानंतर या व्यवसायाकडे पाहण्याची शासनाची दृष्टी हळूहळू बदलली. स. का. पाटील यांच्या अध्यक्षतेखाली १९४९ साली नेमलेल्या चित्रपट चौकशी समितीने १९५१ साली आपला अहवाल सादर केला. अर्थसाहाय्याची व प्रशिक्षणाची सोय व्हावी, असे तिचे म्हणणे होते. १९५४ साली राष्ट्रीय पारितोषिके सुरू झाली आणि पहिले राष्ट्रपती सुवर्णपदक आचार्य अत्रे यांच्या ‘श्यामची आई’ या मराठी चित्रपटास मिळाले. वनमाला यांची आई आणि माधव वझे यांचा श्याम यांनी साने गुरुजींचे शब्द मूर्तिमंत केले. १९६० साली चित्रपट अर्थसाहाय्य महामंडळ सुरू झाले. प्रभातचा कारभार थांबल्यावर तिच्या पुण्यातील जागेत त्याच वर्षी केंद्र सरकारने चित्रपट प्रशिक्षण संस्था सुरू केली; आणि १९६४ साली पुण्यातच राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाची स्थापना झाली.

संस्था स्थापन झाली तरी डबे आपोआप चालत येत नाहीत. ते आणण्यासाठी माणूस लागतो. मूळचे केरळचे पी. के. नायर हे या बाबतीत उदाहरण ठरले. गोदामे, बंद पडलेली चित्रगृहे आणि कलावंतांची घरे धुंडाळीत त्यांनी देशभर प्रवास केला. नाशिकला फाळके कुटुंबीयांकडून मिळालेल्या रिळांतून ‘कालिया मर्दन’ची जुळणी झाली. नायर १९९१ साली निवृत्त झाले तेव्हा हजारो चित्रपट संग्रहालयात सुरक्षित होते. २०१६ साली त्यांचे निधन झाले. आज विद्यार्थी फाळक्यांचे काम पाहू शकतात, ते एका शासकीय सेवकाने आपल्या नेमणुकीच्या कामाचे व्रत केले म्हणून.

मात्र मिळविणे आणि राखणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ८ जानेवारी २००३ रोजी पुण्यात संग्रहालयाच्या नायट्रेट फितींच्या कोठारास लागलेल्या आगीत सहाशेहून अधिक चित्रपटांची रिळे भस्मसात झाली. हा प्रसंग विसरता कामा नये. त्यानंतरच्या काळात राष्ट्रीय चित्रपट वारसा मोहीम हाती घेण्यात आली. २०२२ साली संग्रहालयाचे राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीनीकरण झाले आणि जुन्या चित्रपटांचे पुनरुज्जीवन व अंकीकरण यांस गती देण्यात आली. अंकीकरणाने चित्रपट लोकांपर्यंत पोहोचणे सुलभ होते, यात शंका नाही. परंतु संगणकीय प्रतही अमर नसते. साठवणुकीची साधने जुनी होतात, त्यांवरील नोंदी ठरावीक काळाने नव्या साधनांवर उतरवून घ्याव्या लागतात. म्हणून अंकीय प्रत झाली की मूळ फीत टाकून द्यावी, असा विचार घातक ठरेल. थंड, कोरड्या जागी ठेवलेली मूळ फीत हाच अखेरचा पुरावा होय.

गावपातळीवर काय करता येईल?

हा विषय पुण्या-मुंबईच्या संस्थांचा आहे, गावाचा त्याच्याशी काय संबंध, असे कोणास वाटेल. वस्तुतः जगातील अनेक हरवलेले चित्रपट आडगावच्या पोटमाळ्यावर किंवा बंद चित्रगृहाच्या अडगळीत सापडले आहेत. महाराष्ट्रातही तालुक्याच्या गावी बंद पडलेली चित्रगृहे आहेत, फिरत्या तंबूंच्या मालकांची घराणी आहेत, जुन्या शाळांची कपाटे आहेत. तेथे गंजलेले गोल डबे आढळले तर ते भंगारात जाऊ न देणे, एवढे काम ग्रामपंचायतीला निश्चित करता येईल. असे डबे मिळाल्यास ते उन्हात ठेवू नयेत, त्यांच्याजवळ विडी-काडी पेटवू नये, फीत उलगडून पाहण्याचा मोह टाळावा आणि सापडल्याचे ठिकाण व डब्यावरील अक्षरे लिहून पुण्याच्या संग्रहालयास कळवावे. शाळांमधून व प्रचारगाड्यांतून वापरलेली १६ मिलिमीटरची अरुंद फीत नायट्रेटची नसते, त्यामुळे ती पेटण्याचा धोका तितका नाही. परंतु ३५ मिलिमीटरची, १९५०च्या आसपासची वा त्यापूर्वीची फीत असेल तर सावधगिरी आवश्यक आहे.

फितीखेरीज कागदही महत्त्वाचा आहे. चित्रपटगृहाबाहेर एक-दोन आण्यांना मिळणाऱ्या गाण्यांच्या पुस्तिका, भित्तिपत्रके, हस्तपत्रके, तिकिटांची थोटके आणि खेळांच्या हिशेबवह्या यांवरून नष्ट झालेल्या चित्रपटाचीही पुष्कळ माहिती मिळते. ग्रामपंचायतीच्या दप्तरात फिरत्या तंबूला दिलेल्या परवानगीची नोंद असेल, तर तीही इतिहासाची नोंद आहे. दप्तर नष्ट करण्याची वेळ येते तेव्हा संबंधित कर्मचाऱ्याने क्षणभर थांबून अशी कागदपत्रे बाजूला काढली, तर भावी संशोधकांवर मोठे उपकार होतील.

शिक्षकांचे कार्य यापेक्षाही मोलाचे ठरू शकते. विद्यार्थ्यांना ‘श्यामची आई’ किंवा ‘संत तुकाराम’ एकदा पूर्ण दाखवावा. नंतर त्यावर चर्चा घ्यावी. घर कसे होते, भांडी कोणती होती, बोलण्यातील कोणते शब्द आज ऐकू येत नाहीत, स्त्रिया कोठे उभ्या राहतात, हे मुलांनी टिपावे. मग त्यांनी आपल्या आजी-आजोबांना विचारावे : गावात पहिला चित्रपट केव्हा आला, तंबू कोठे लागे, तिकीट किती होते, कोणत्या प्रसंगाला बायका रडत? उत्तरे वहीत उतरून घ्यावीत. ज्यांनी कंदिलाच्या उजेडात घरी परतत तो चित्रपट आठवला, ती पिढी आता झपाट्याने कमी होत आहे. तिच्या आठवणी टिपून घेण्यास कोणतेही यंत्र वा अनुदान लागत नाही.

चित्रतारका ही संज्ञा मोठी अर्थपूर्ण आहे. आकाशातील एखादा तारा विझून गेला तरी त्याचा प्रकाश दीर्घकाळ पृथ्वीवर पोहोचत राहतो. पागनीस, गौरी, शांता आपटे, केशवराव दाते, हंसा वाडकर यांच्या बाबतीत हा प्रकाश आपल्यापर्यंत येतो तो एका नाजूक, झिजणाऱ्या, पेटणाऱ्या फितीतून. अण्णा साळुंक्यांच्या बाबतीत तो जवळजवळ विझला आहे. ‘आलम आरा’तील मास्टर विठ्ठल यांच्यापर्यंत तर आपण पोहोचूच शकत नाही. या दोहोंतील फरक कलागुणांचा नव्हता. एकीकडे कोणीतरी डबा जपून ठेवला आणि दुसरीकडे तो वजनावर विकला गेला, एवढाच तो फरक आहे. गावातील जुने मंदिर, बारव वा शिलालेख यांची राखण करावी हे आता सर्वांना पटले आहे. त्याच ममतेने या रुपेरी वारशाकडे पाहिले गेले, तर पुढच्या पिढीतील एखादी मुलगी आवलीला म्हशीशी बोलताना पाहील आणि आपल्या पणजीची भाषा तिला ऐकू येईल.